प्रशिक्षकाचे नाव नंतर, आधी त्याच्या हातातले दिवस मोजा

प्रश्न असा आहे : जून २०२४ मध्ये इगोर स्टिमाच यांना भारतीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकपदावरून काढले, तेव्हापासून आम्हा टिळकवाडीतल्या मित्रांमध्ये एकच वाद चालू आहे. निम्मे म्हणतात युरोपातला नावाजलेला माणूस आणायला हवा होता, निम्मे म्हणतात पन्नास-साठच्या दशकातल्या सय्यद अब्दुल रहीम यांच्यासारखा, खेळाडूंची भाषा कळणारा आपलाच माणूस हवा, आणि दोघे-तिघे तर गोव्याचाच हवा यावर अडून बसले आहेत. त्या जागी खरोखर कोणाला नेमायला हवे होते आणि ते ठरवायचे कसे? शिवाय, सुनील छेत्रीलाच प्रशिक्षक का करू नये?

बेळगावात सत्तावीस वर्षे मी शाळांच्या आणि क्लबांच्या संघांना शिकवत आलो आहे. राष्ट्रीय संघाचे शिबिर मी आतून पाहिलेले नाही, पण थोड्या दिवसांत वेगवेगळ्या ठिकाणची मुले एकत्र करून त्यांना एका संघासारखे खेळायला लावणे हे काम मी दरवर्षी करतो, आणि राष्ट्रीय प्रशिक्षकाचे काम मुळात तेच असते. त्यामुळे माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. इथल्याच क्लबांना शिकवत आलेल्या खालिद जमील यांना २०२५ मध्ये नव्हे, २०२४ मध्येच नेमायला हवे होते. आणि ते भारतीय आहेत म्हणून नव्हे, तर हाती येतील तेवढ्याच दिवसांत आणि मिळतील त्याच खेळाडूंना घेऊन संघ उभा करण्याची त्यांना सवय होती म्हणून. तुमच्या वादात देशी-विदेशी हा मुद्दा सगळ्यांत वर आहे. माझ्या हिशेबात तो बराच खाली येतो.

आधी दिवसांचा हिशेब पाहू. फिफा विंडो, म्हणजे क्लबांनी खेळाडूंना राष्ट्रीय संघासाठी सोडायचा ठरलेला काळ, बहुतेक वेळा नऊ दिवसांची असते, सोमवारपासून पुढच्या आठवड्याच्या मंगळवारपर्यंत, आणि तेवढ्यात दोन सामने असतात. खेळाडू शनिवारी-रविवारी आपापल्या क्लबचा सामना खेळून येतात, त्यामुळे सोमवार प्रवासात आणि विश्रांतीत जातो, मंगळवारी पाय मोकळे करण्यापलीकडे काही करता येत नाही, बुधवारी एक पुरता सराव होतो आणि गुरुवारी किंवा शुक्रवारी सामना असतो. त्यानंतर पुन्हा एक दिवस विश्रांती, एक दिवस विमान, एक-दोन सराव आणि दुसरा सामना. म्हणजे पूर्ण ताकदीने घेतलेले सराव दोन, फार तर तीन. वर्षात अशा चार-पाच विंडो धरल्या तरी प्रशिक्षकाला फार तर बारा-पंधरा खरे सराव मिळतात. आमच्या शाळेचा संघ एका पावसाळ्यात याहून जास्त सराव करतो. क्लबच्या प्रशिक्षकाला चूक दिसली की ती सुधारायला पुढचा सोमवार असतो, राष्ट्रीय प्रशिक्षकाला पुढचा महिनाही नसतो. म्हणूनच क्लबमध्ये मोठे झालेले नाव राष्ट्रीय संघातही चालेलच, असे धरून चालता येत नाही.

एवढ्या दिवसांत काय शिकवता येते आणि काय येत नाही, हे तुम्ही लेले मैदानावर कधीही येऊन पाहा. बचावाच्या चार मुलांनी एका रेषेत सरकावे म्हणून मी त्यांच्या कमरेला सुंभाची दोरी बांधतो, दोघांमध्ये साधारण आठ मीटर. चेंडू डावीकडे गेला की चौघांनी डावीकडे सरकायचे, दोरी ताणली गेली तर कोणीतरी मागे राहिले आणि ती जमिनीला टेकली तर कोणीतरी फार जवळ आले. पहिल्या दिवशी ती पायांत अडकते, चौथ्या दिवसापर्यंत बरे जमते, आणि दोरी सोडल्यावरही अंतर तेवढेच राहायला तीन आठवडे लागतात. कॉर्नर कसा घ्यायचा आणि कसा अडवायचा, लांब थ्रो-इनवर कोणी कुठे उभे राहायचे, हे मात्र दोन सकाळींत बसते, कारण त्यात चेंडू थांबलेला असतो आणि जागा ठरवून देता येतात. गोल करणारा माणूस घडवणे तर तीन आठवड्यांतही होत नाही आणि तीन महिन्यांतही नाही.

आता या हिशेबाने मागची नेमणूक तपासू. स्टिमाच मे २०१९ मध्ये आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोह्यात कतारला ०-० रोखले, दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा २०२१ आणि २०२३ मध्ये जिंकली, २०२३ मध्ये भुवनेश्वरला इंटरकॉन्टिनेंटल चषक घेतला, नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतला त्यांच्याच घरी १-० हरवले. हे सगळे त्यांचेच यश आहे, आणि निघून गेलेल्या माणसाच्या खात्यातले चांगलेही मोजले पाहिजे. पण जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांविरुद्ध मिळून आपण एकही गोल केला नाही, मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ हरलो, आणि ६ जूनला कोलकात्यात, छेत्रीच्या निरोपाच्या सामन्यात, कुवेतशी ०-० बरोबरी झाली. ११ जूनला दोह्यात छांगतेच्या गोलने आपण पुढे होतो. कतारच्या बरोबरीच्या गोलआधी चेंडू रेषेबाहेर गेला होता, हे साऱ्या जगाने पाहिले. तो अन्याय खराच होता. तरीही त्या एका निर्णयामागे आधीचे महिने झाकता येत नाहीत. १७ जूनला त्यांना काढले. ऑक्टोबर २०२३ मध्येच त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवलेला असल्यामुळे महासंघाला पुढे भरपाईही मोजावी लागली. पुढच्या माणसावर आणि त्याच्या शिबिरांवर खर्च व्हायला हवा होता तो पैसा जुना हिशेब मिटवण्यात गेला, याचे मला त्या पराभवाइतकेच वाईट वाटते.

त्यांच्या जागी मानोलो मार्केझ आले. तुमच्यातले जे म्हणतात की ‘विदेशी आणला म्हणून फसले’, त्यांच्याशी मी सहमत नाही. मार्केझ यांनी हैदराबादला २०२१-२२ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकून दिली होती आणि इथले खेळाडू त्यांना आठवड्याआठवड्याने माहीत होते. अडचण अशी की त्यांच्याकडे एफसी गोवाची जबाबदारीही तशीच ठेवली गेली. विंडोत प्रशिक्षकाला बारा-पंधरा सराव मिळतात असे वर म्हटले, तर उरलेल्या वर्षात त्याने करायचे काय? गावोगावी जाऊन सामने पाहायचे, क्लबच्या प्रशिक्षकाजवळ बसायचे, एखाद्या विंगरला, म्हणजे कडेने खेळणाऱ्याला, सांगायचे की पुढच्या विंडोत मला तू मागे येऊन बचाव करायला हवा आहेस, तर आतापासून त्याची सवय कर. मार्केझ हे कसे करणार होते? तो विंगर येत्या रविवारी त्यांच्याच गोव्याविरुद्ध खेळणार असायचा. आठ सामन्यांत एकच विजय मिळाला, मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीववर ३-०. पाठोपाठ तिथेच बांगलादेशशी ०-० आणि १० जूनला हाँगकाँगकडून ०-१, आणि जुलैत ते गेले. एका माणसाला अर्धा वेळ देऊन पूर्ण वेळेचा निकाल मागितला गेला.

जुलै २०२५ मध्ये या पदासाठी १७० अर्ज आले. त्यात बार्सिलोनाच्या झावी यांचे नाव असल्याची बातमी आली आणि तुमच्या वयाच्या अनेकांनी दोन दिवस आनंदात काढले. तो ईमेल खरा नव्हता, असे नंतर महासंघानेच सांगितले. पण तो अर्ज खरा असता तरी मी झावी यांना नेमले नसते. ज्या पद्धतीने ते खेळले आणि शिकवतात, ती लहानपणापासून रोज त्याच जागांवर, त्याच अंतरांवर उभे राहून अंगात मुरते. बुधवारच्या एका सरावात ती कोण शिकवणार?

शेवटच्या तिघांत आपले जुने प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाईन, स्तेफान तार्कोविच आणि खालिद जमील होते. तार्कोविच यांनी स्लोव्हाकियाचा संघ सांभाळला होता, म्हणजे विंडोचे काम त्यांना माहीत होते. इथले खेळाडू ओळखायला मात्र त्यांना वर्ष गेले असते आणि आशियाई चषकाची पात्रता तेवढी थांबणार नव्हती. कॉन्स्टंटाईन यांच्याविषयी आपल्याकडे फार घाईने बोलले जाते. २०१५ च्या मार्चमध्ये जागतिक क्रमवारीत १७३ व्या क्रमांकावर असलेला संघ त्यांनी जुलै २०१७ पर्यंत ९६ व्या क्रमांकावर नेला, आणि जानेवारी २०१९ मध्ये अबू धाबीत थायलंडला ४-१ हरवले. त्यांची पद्धत साधी होती: दोन घट्ट ओळी, चेंडू मिळाला की लगेच पुढे. देखणे नव्हते, पण दोन सरावांत शिकवता येईल असे होते. बहारीनविरुद्ध अखेरच्या क्षणी पेनल्टीवर गोल खाल्ला, संघ बाहेर पडला आणि त्यांनी त्याच रात्री पद सोडले. विदेशीच हवा असे ठरले असते तर माझे मत त्यांच्याच बाजूने पडले असते.

जमील यांच्याविषयी सविस्तर लिहितो, कारण वाद त्यांच्यावरच आहे. २०१६-१७ मध्ये त्यांनी मिझोरमच्या ऐझॉलला आय-लीग (तेव्हाची राष्ट्रीय लीग) जिंकून दिली. कोलकात्याच्या आणि बंगळुरूच्या क्लबांपुढे तो लहान बजेटचा, डोंगरातल्या शहराचा संघ होता. नंतर नॉर्थईस्ट युनायटेडला हंगामाच्या मध्यावर हाती घेऊन बाद फेरीत नेले, जमशेदपूरलाही हंगामाच्या मध्यावरच घेतले आणि पुढच्या वर्षी उपांत्य फेरी गाठली. ही यादी मी त्यांच्या कौतुकासाठी देत नाही. तयार नसलेला संघ थोड्या दिवसांत हातात घेणे हेच त्यांचे आयुष्यभराचे काम आहे आणि राष्ट्रीय संघात नेमके तेच लागते, हे त्यातून दिसते. १ ऑगस्ट २०२५ ला ते नेमले गेले, तेव्हा २०११-१२ मधल्या सावियो मेदेरा यांच्यानंतर पूर्ण वेळ नेमलेले ते पहिले भारतीय ठरले.

चारच आठवड्यांत मध्य आशियाई देशांचा काफा नेशन्स चषक होता. ती फिफा विंडो नसल्यामुळे कोलकात्याच्या एका मोठ्या क्लबने आपले खेळाडू सोडले नाहीत. तरी ताजिकिस्तानला त्यांच्या मैदानावर २-१ हरवले आणि दोन्ही गोल बचावपटूंचे होते, अन्वर अली आणि संदेश झिंगन, पहिल्या पंधरा मिनिटांत. पहिला गोल मोहम्मद उवैसच्या लांब थ्रो-इनवर झाला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ओमानशी १-१ बरोबरी साधून पेनल्टींवर त्यांना हरवले. टीव्हीसमोर बसून मी त्या थ्रोंच्या वेळी कोण कुठे उभा आहे ते वहीत उतरवून घेतले: एक जण गोलरक्षकाच्या अंगाला चिकटून, एक जवळच्या खांबाकडे धावणारा, दोघे मागून उशिरा येणारे. दोन सकाळींत बसवता येते ते त्यांनी बसवले होते आणि जे बसत नाही त्याच्या नादी लागले नव्हते.

आता त्यांच्या बाजूने न जाणारी गोष्टही सांगितली पाहिजे. ९ ऑक्टोबरला सिंगापुरात झिंगन लाल कार्डामुळे बाहेर गेल्यावर दहा जणांनी खेळून रहीम अलीच्या गोलने १-१ केले, आणि १४ ऑक्टोबरला परतीचा सामना मडगावला होता. आपल्याकडून अनेक जण चोर्ला घाटाने फातोर्ड्याला गेले होते, मीही माझ्या चार मुलांना घेऊन गेलो होतो. चौदाव्या मिनिटाला छांगतेने गोल केला तेव्हा आता घरी परतताना गाडीत गाणी होणार असेच वाटले. मध्यंतराच्या तोंडावर साँग उई-यंगने बरोबरी केली, मध्यंतरानंतर तेरा मिनिटांत त्यानेच दुसरा केला, आणि उरलेल्या अर्ध्या तासात आपल्याला बरोबरी साधता आली नाही. २०२७ च्या आशियाई चषकाची वाट तिथे बंद झाली. परतताना घाटात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या सीटवरच्या, आमच्या संघात आघाडीला खेळणाऱ्या मुलाने विचारले, “सर, आपल्या टीममध्ये नऊ नंबरचा कोण होता?”

नऊ नंबर म्हणजे गोलसमोर उभा राहून गोल करणारा, आणि त्या मुलाने बरोबर जागी बोट ठेवले होते. आयएसएल सुरू झाली तेव्हा एका वेळी सहा विदेशी मैदानावर असत, २०२१-२२ पासून चार. क्लबला आजचा सामना जिंकायचा असतो, म्हणून विदेशी खेळाडू तो गोलसमोरच ठेवतो आणि आपला मुलगा बाजूला सरकतो. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आघाडीला खेळला. आयएसएलमध्ये आपण त्याला बहुतेक वेळा बाजूच्या रेषेजवळच पाहिले. मार्च २०२५ मध्ये चाळिशीतल्या छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावे लागले, आणि त्या हंगामात आयएसएलमध्ये भारतीयांत सर्वाधिक, १४, गोलही त्याचेच होते. बॉक्समध्ये पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू थोपवायचा आणि अर्ध्या वळणावर मारायचा, हे दर रविवारी केल्याशिवाय येत नाही. नऊ दिवसांच्या विंडोत ते रुजवणारा प्रशिक्षक ना युरोपात आहे ना आपल्याकडे. म्हणून मडगावच्या पराभवानंतर, किंवा नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडून ०-१ हरल्यावर, ज्यांनी लगेच पुन्हा नवे नाव शोधायला घेतले त्यांच्यात मी नव्हतो.

देशी प्रशिक्षकाच्या बाजूने तुम्ही भाषेचा मुद्दा मांडता, त्यावर सीमाभागातला माणूस म्हणून मला थोडे बोलायचे आहे. आपल्या बेळगावात एकाच संघात घरी मराठी, कन्नड, उर्दू आणि कोंकणी बोलणारी मुले असतात. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात आमचा गोलरक्षक पुढे येत “बिडू, बिडू!” म्हणून ओरडला, म्हणजे कन्नडमध्ये ‘सोड, माझा आहे’. स्टॉपरला, म्हणजे बचावाच्या मधोमध, खेळणारा मुलगा त्याच महिन्यात चंदगडकडून आला होता, त्याला कन्नडचा गंध नव्हता. त्याने चेंडूवर पाय घातला आणि गोलरक्षकाला वळसा घालून चेंडू आमच्याच जाळ्यात गेला. दोन्ही मुलांचे बरोबर होते, चूक माझी होती. त्या दिवसापासून नवा संघ जमला की पहिल्या सकाळी चेंडू काढण्याआधी मी सहा हाका ठरवतो: सोड, माझा, मागे, वळ, एकटा, बाहेर. कोणत्या भाषेतल्या ते मुलेच ठरवतात. कधी ‘हिंदे’ राहते, कधी ‘मागे’; पण एकदा ठरले की सगळ्यांचे तेच. राष्ट्रीय संघात मिझो, मणिपुरी, पंजाबी, मल्याळी, गोंयकार असे सगळे असतात, आणि हिंदी बोलणारा प्रशिक्षक त्या सगळ्यांना घरचा वाटेल असे मुळीच नाही. कमी शब्दांत, सगळ्यांना एकच अर्थ कळेल असे सांगता येणारा माणूस पाहिजे, मग तो झाग्रेबचा असो की मुंबईचा.

गोव्याचाच हवा म्हणणाऱ्यांचे प्रेम मला समजते. आपले फुटबॉल घाटाखालूनच वर आले आहे. आर्मांदो कुलासो यांनी धेंपोला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले आणि २०११ मध्ये काही महिने राष्ट्रीय संघही सांभाळला. क्लिफर्ड मिरांडा यांनी २०२३ मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. मिरांडा यांच्याकडे वयोगटाच्या संघाची जबाबदारी दीर्घकाळ द्यावी आणि त्यांनी वरिष्ठ प्रशिक्षकाच्या शिबिरात बसावे, असे माझे मत आहे. राज्याच्या नावावर मात्र मी कोणालाच नेमणार नाही.

तुमच्यापैकी एकाने सय्यद अब्दुल रहीम यांचा दाखला दिला आहे. दाखला योग्य आहे, फक्त पूर्ण द्या. १९५१ चे आणि १९६२ चे आशियाई सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, हे सगळे त्यांचेच. पण १९५० ते १९६३ या काळात संघ बहुतेक वेळ एकाच माणसाच्या हाती होता, म्हणूनच १९६२ ला जाकार्तात पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ हरल्यावर कोणी बिथरले नाही. जर्नेल सिंग हा स्टॉपर, त्यात डोक्याला टाके पडलेले, आणि रहीमसाहेबांनी त्याला पुढे आघाडीला खेळवले. अंतिम सामन्यात त्याच कोरियाला २-१ हरवताना दुसरा गोल त्याचाच होता. बचावपटू पुढे चालेल हे ओळखायला त्या खेळाडूला वर्षानुवर्षे पाहिलेले असावे लागते. नवा आलेला माणूस कितीही हुशार असला तरी तो हा धोका पत्करू शकत नाही.

म्हणून निवड समितीत मला बसवले असते तर मी उमेदवाराला त्याची पद्धत विचारली नसती. मी त्याच्यापुढे नऊ दिवसांचा कागद ठेवला असता आणि म्हटले असते, यातल्या प्रत्येक सकाळ-संध्याकाळी काय करणार ते लिहा. मागच्या महिन्यात कोणते सामने मैदानावर जाऊन पाहिले ते सांगा. आणि तुमचा पहिल्या पसंतीचा आघाडीपटू जखमी आहे असे धरून अकरा जण निवडा. तिन्हींची उत्तरे अर्ध्या तासात कळतात. महासंघाकडून मी दोनच गोष्टी लिहून घेतल्या असत्या: प्रत्येक मोठ्या सामन्याआधी दोन आठवड्यांचे शिबिर क्लबांच्या संमतीने आधीच पंचांगात टाकायचे, आणि दोन वर्षे नेमणुकीला हात लावायचा नाही.

छेत्रीविषयी. तो खेळ कसा वाचतो हे आपण वीस वर्षे पाहिले, त्यामुळे तो शिकवूही शकेल असे मला मनापासून वाटते. पण खेळता येणे आणि दुसऱ्याकडून खेळून घेणे यांत अंतर असते, आणि ते सी, बी, ए, प्रो अशा परवान्यांच्या पायऱ्या चढताना, प्रत्येक पायरीवर खरा संघ हाताखाली घेऊन कापावे लागते. माझा बी परवाना हाती यायलाच मला कितीतरी वर्षे लागली. त्याने बूट काढल्यावर पहिली दोन वर्षे पंधरा वर्षांखालच्या आघाडीच्या मुलांना द्यावीत, दररोज सकाळी, एकाच मैदानावर.